इंग्लंडमध्ये वंशद्वेषी गुन्ह्याची तक्रार: पहिल्या फोनपासून कोर्टापर्यंत

रस्त्यात शिवीगाळ होते, दारावर कोणीतरी काहीबाही लिहून जातं, बसमध्ये धक्काबुक्की होते. तक्रार द्यायला गेल्यावर आपला माणूस सांगतो, ‘त्याने मला घाण शिव्या दिल्या.’ अधिकारी तेवढंच लिहून घेतो आणि वंशद्वेषाचा गुन्हा साध्या भांडणाच्या खात्यात जमा होतो. इथला कायदा दोन गोष्टींवर उभा आहे: समोरच्याने उच्चारलेले नेमके शब्द, आणि ते शब्द व हल्ला यांचा क्रम. नेमक्या याच दोन गोष्टी आपण संकोचापायी गाळतो. मराठी कुटुंबांत ही चूक इतक्या वेळा होते की सगळी प्रक्रिया एकदा क्रमाने मांडणं भाग आहे.

पुढचं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे (२०२१ चा, १ एप्रिल २०२४ पासून लागू) आणि उत्तर आयर्लंडचाही वेगळा. ग्लासगो किंवा बेलफास्टमध्येही पोलिसांचे ९९९ (तातडीचा) आणि १०१ (एरवीचा) हेच नंबर चालतात, पण कलमं आणि पुढची पद्धत तिथली पाहावी लागते.

## टप्पा १: आपल्यासोबत घडलं ते गुन्ह्यात बसतं का?

इथे दोन वेगळ्या कसोट्या आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पुढे निराशा पदरी येते.

पहिली कसोटी नोंदीची. १९९३ मध्ये लंडनच्या एल्थम भागात स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. त्या तपासाची चौकशी करणाऱ्या मॅकफर्सन अहवालाने १९९९ मध्ये सांगितलं की पीडित व्यक्तीला किंवा दुसऱ्या कोणालाही जी घटना वंशद्वेषी वाटते, ती वंशद्वेषी घटना म्हणून नोंदवायची. पोलीस आजही याच धर्तीवर चालतात. गुन्हा घडला असेल आणि तो वंशद्वेषातून झाला असं तुम्हाला वाटत असेल, तर नोंदीसाठी तेवढं पुरतं. ‘पुरावा काय?’ असं विचारून तुमची नोंद अडवायची नसते. शेजारी उभा असलेला अनोळखी साक्षीदारही ‘मला हे वंशद्वेषी वाटलं’ असं म्हणू शकतो.

दुसरी कसोटी शिक्षेची, आणि ती बरीच कडक आहे. ‘क्राइम अँड डिसऑर्डर ॲक्ट १९९८’च्या कलम २८ नुसार सरकारी पक्षाला दोनपैकी एक गोष्ट निःसंशय सिद्ध करावी लागते. एक तर आरोपीने गुन्हा करताना, लगेच आधी किंवा लगेच नंतर वंशावरून वैर दाखवलं. नाहीतर त्याचा हेतूच मुळात वंशद्वेषाचा होता. हेतू माणसाच्या मनात असतो, तो सिद्ध करणं कठीण. दाखवलेलं वैर मात्र ऐकू येतं, दिसतं, कॅमेऱ्यात सापडतं. म्हणून बहुतेक खटले पहिल्या मार्गाने जातात, आणि म्हणूनच शब्दांना इतकं महत्त्व.

याच कलमातल्या काही तरतुदी आपल्या लोकांना माहीत नसतात.

‘तो मला पाकिस्तानी समजला, मी तर भारतीय’ असं म्हणून अनेक जण तक्रारच करत नाहीत. आरोपीने तुम्हाला ज्या गटाचं समजलं, ते कायद्याला पुरतं. त्याचा अंदाज चुकला म्हणून तो सुटत नाही.

वंश या शब्दात रंग, राष्ट्रीयत्व, नागरिकत्व आणि वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ हे सगळं येतं. विशिष्ट देशाचं नाव घ्यायलाच हवं असं नाही. ‘आर विरुद्ध रॉजर्स’ या खटल्यात एकाने स्पॅनिश तरुणींना ‘ब्लडी फॉरिनर्स’ म्हटलं आणि आपल्या देशात परत जा असं सुनावलं. २००७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तेवढं पुरेसं मानलं. तेव्हा ‘गो बॅक टू युअर ओन कंट्री’ हे वाक्य किरकोळ समजून सोडून देऊ नका.

वाद पार्किंगवरून सुरू झाला होता म्हणूनही माघार घेऊ नका. वैराला दुसरंही कारण होतं, या गोष्टीने वंशद्वेष रद्द होत नाही. तुमची पत्नी किंवा मित्र गोरा असेल आणि तुमच्यासोबत असल्यामुळे त्याला त्रास दिला गेला, तर तोही याच कलमाखाली येतो. २००१ पासून धर्मावरून दाखवलेलं वैरही त्यात समाविष्ट आहे.

सावधान: प्रत्येक अपमान गुन्हा नसतो. कोणी तुमच्याकडे रोखून पाहिलं, बोलणं टाळलं, यात मूळ गुन्हाच नाही. गुन्हा न ठरणाऱ्या घटना पोलिसांनी कधी नोंदवायच्या याचे निकष २०२३ च्या नियमावलीने कडक केले. नोकरीत बढती डावलली, भाड्याने घर नाकारलं, तर तो बहुतेक वेळा पोलिसांचा विषय नसून ‘इक्वॅलिटी ॲक्ट २०१०’खालचा दिवाणी विषय असतो. तिथे मुदती फार तोकड्या असतात, म्हणून युनियन किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडे लगेच जा.

## टप्पा २: पहिले काही तास

आधी जिवाची सुरक्षितता. दुकानात, बसमध्ये, गर्दीत शिरा. उलट शिवी देऊ नका. समोरचा वकील ते रेकॉर्डिंग कोर्टात लावतो आणि प्रकरण ‘दोघांचं भांडण’ होऊन बसतं.

सुरक्षित जागी पोचलात की पहिलं काम मोबाइलवर नोंद करण्याचं. नातेवाइकांना फोन करण्याआधी हे करा, कारण चार जणांना सांगता सांगता शब्द बदलतात. समोरचा बोलला ते त्याच्याच इंग्रजीत, शिवीसकट लिहा. देवनागरीत लिहिलं तरी चालेल. वेळ, जागा, बसचा नंबर, कोण कुठे उभं होतं, त्याने काय घातलं होतं, बोलण्याची ढब, दाढी, टॅटू, कोणत्या दिशेने गेला, सगळं लिहा. साक्षीदारांचे फोन नंबर घ्या. बहुतेक लोक देतात, फक्त आपण मागायला लाजतो.

मार लागला असेल तर जखमेचे फोटो लगेच काढा आणि दोन दिवसांनी पुन्हा काढा. मुका मार नंतर काळानिळा होतो आणि पहिल्या फोटोत काहीच दिसत नाही. जीपी (नेहमीचा डॉक्टर) किंवा ए अँड ई (हॉस्पिटलचा तातडीचा विभाग) मध्ये दाखवा, म्हणजे वैद्यकीय नोंद राहते. थुंकलं असेल, रक्त लागलं असेल तर कपडे धुवू नका, कागदी पिशवीत ठेवा. दारावर किंवा गाडीवर काही लिहिलं असेल तर आधी फोटो, मग पोलीस, आणि पुसणं सर्वांत शेवटी. आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ म्हणून पहिल्यांदा बादली-फडकं निघतं आणि पुरावा मोरीत जातो.

ऑनलाइन प्रकार असेल तर स्क्रीनशॉटमध्ये खात्याचं नाव, तारीख आणि लिंक दिसली पाहिजे. ब्लॉक किंवा डिलीट नंतर करा.

सावधान: हल्लेखोराचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ‘याला कोणी ओळखतं का?’ असं विचारू नका. पुढे पोलीस ओळख पटवण्याची रीतसर प्रक्रिया करतात. साक्षीदारांनी तो चेहरा आधीच ग्रुपवर पाहिला असेल तर त्या ओळखीची किंमत कोर्टात घसरते. फोटो फक्त पोलिसांना द्या.

## टप्पा ३: कळवायचं कुठे आणि कसं

हल्लेखोर अजून आसपास आहे, कोणी जखमी आहे, प्रकार चालू आहे: ९९९. बोलणं शक्य नसेल तर मोबाइलवरून ९९९ लावून, सांगितल्यावर ५५ दाबा. नुसता फोन लावून गप्प राहिलात तर पोलीस येतीलच असं नाही.

धोका टळला आहे: १०१, स्थानिक पोलिसांची वेबसाइट, किंवा पोलिसांचीच हेट क्राइमसाठी (द्वेषातून झालेल्या गुन्ह्यांसाठी) असलेली ‘ट्रू व्हिजन’ ही साइट. रेल्वे किंवा लंडन अंडरग्राउंडमध्ये घडलं असेल तर ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांना ६१०१६ वर मेसेज करा. नाव द्यायचं नसेल तर निनावी माहिती घेणारी क्राइमस्टॉपर्स ही संस्था आहे. मात्र निनावी माहितीवर तुमच्या प्रकरणाचा खटला उभा राहणं कठीण, कारण साक्ष द्यायला माणूसच नसतो.

फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा, ‘आय वॉन्ट टू रिपोर्ट अ रेसिस्ट हेट क्राइम.’ हे वाक्य शेवटासाठी राखून ठेवू नका. आधी धक्का, मग पडणं, मग चष्मा फुटणं, आणि बोलता बोलता ‘हो, काहीतरी पाकी (दक्षिण आशियाई लोकांसाठीची वंशद्वेषी शिवी) वगैरे म्हणाला’ असं सांगितलं, तर नोंद साध्या मारहाणीचीच होण्याचा संभव असतो.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ या म्हणीवर आपली एक पिढी वाढली. तिची भीती मला समजते, पण इथे ती नुकसान करते. थांबण्याची किंमत मोजावी लागते. साधी मारहाण आणि किरकोळ शिवीगाळीसारख्या फक्त मॅजिस्ट्रेट कोर्टात (सर्वांत खालच्या फौजदारी कोर्टात) चालणाऱ्या गुन्ह्यांची कारवाई साधारण ६ महिन्यांत सुरू व्हावी लागते. दुकानांचं आणि बसचं सीसीटीव्ही चित्रण तर बऱ्याच ठिकाणी महिन्याभरातच पुसलं जातं, बसमध्ये त्याहूनही लवकर.

व्हिसाची काळजी अनेक विद्यार्थ्यांना असते. वैध व्हिसावर असाल तर गुन्ह्याचा बळी ठरल्याने त्याला बाधा येत नाही. व्हिसाची मुदत संपली असेल तर गोष्ट वेगळी, कारण पोलीस ती माहिती इमिग्रेशन खात्याला देऊ शकतात. अशा वेळी आधी इमिग्रेशन सल्लागाराशी बोला.

तपासून घ्या: फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात: क्राइम रेफरन्स नंबर, तपास अधिकाऱ्याचं नाव किंवा तो कधी संपर्क करेल ते, आणि ‘इज इट फ्लॅग्ड ॲज अ हेट क्राइम?’ या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर.

## टप्पा ४: जबाब

सगळं प्रकरण इथे ठरतं. म्हणून इथे घाई नको.

समजा, रात्रपाळी संपवून एक नर्स बसथांब्यावर उभी आहे. तिच्यावर हल्ला होतो आणि ती जबाब देते: ‘एका दारुड्याने मला वाईट शब्द वापरले आणि ढकललं. मी घाबरले.’ यात शब्द नाहीत, क्रम नाही, अंतर नाही. वर ‘दारुडा’ म्हणून तिने स्वतःच त्याच्या वागण्याला कारण पुरवलं. तो प्यायला होता हे सांगायला हरकत नाही, पण नशेमुळे दाखवलेलं वैर माफ होत नाही.

हाच जबाब असा हवा: ‘पहाटे पाचच्या सुमारास मी थांब्यावर एकटी होते. उंच, निळं जॅकेट घातलेला गोरा माणूस समोरून आला. साधारण दोन मीटरवर थांबून माझ्या तोंडाकडे बघत मोठ्याने म्हणाला, “यू पाकी, गो बॅक टू युअर ओन कंट्री.” मी काही बोलले नाही. काही सेकंदांतच त्याने पुढे येऊन दोन्ही हातांनी माझ्या खांद्यांना ढकललं. मी बाकावर पडले. जाताना वळून पुन्हा “पाकी” म्हणाला. थांब्यावर दिवा होता, मला त्याचा चेहरा स्पष्ट दिसला.’

या जबाबात शब्द हल्ल्याच्या लगेच आधी आहेत आणि लगेच नंतरही. कलम २८ ला जे हवं ते सगळं इथे आहे, आणि त्यासाठी तिला एकही गोष्ट वाढवून सांगावी लागलेली नाही.

शिवी तोंडाने उच्चारायची लाज वाटत असेल तर कागदावर लिहून द्या. अधिकाऱ्यासमोर, विशेषतः मुलांसमोर किंवा सुनेसमोर, आपल्याकडची वडीलधारी माणसं ‘तसलं काहीतरी बोलला’ एवढंच म्हणतात. जबाबाच्या वेळी घरच्यांनी खोलीबाहेर जावं, ते सोपं पडतं.

भाषेचा मुद्दा इथेच येतो. समजणं आणि समजावून सांगता येणं हा ‘व्हिक्टिम्स कोड’मधला, म्हणजे पीडितांच्या हक्कांच्या सरकारी संहितेतला, पहिला हक्क आहे. इंग्रजी कच्चं असेल तर दुभाषा मागा, आणि ‘मराठी’ असं स्पष्ट सांगा. नाहीतर भारतीय म्हणून हिंदीचा माणूस येतो आणि गावाकडून आलेल्या आजी मान डोलवत राहतात. मुलाने किंवा जावयाने दुभाष्याचं काम करू नये. त्याच्या तोंडून शब्द सौम्य होतात, आणि तो स्वतः साक्षीदार असेल तर दोन्ही जबाबांवर प्रश्न उभे राहतात.

आई-बाबा पाहुणे म्हणून आले असतील आणि परतीचं तिकीट जवळ असेल तर अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी तारीख सांगा. जबाब जाण्याआधी पुरा व्हायला हवा, आणि पुढे व्हिडिओवरून साक्ष देता येईल का तेही तेव्हाच विचारा.

जबाबावर सही करताना तुम्ही तो खरा असल्याचं जाहीर करता आणि जाणूनबुजून खोटं लिहिलं तर खटला होऊ शकतो. म्हणून आठवत नसेल तिथे ‘आठवत नाही’ म्हणा. प्रत्येक पान वाचा. अधिकाऱ्याने तुमच्या शब्दांऐवजी ‘रेशियली अब्यूझिव्ह लँग्वेज’ असं गोळाबेरीज वाक्य लिहिलं असेल तर सहीआधी बदलून घ्या. जबाब आरोपीच्या वकिलाला मिळतो, पण तुमचा पत्ता त्यात जात नाही.

याशिवाय ‘व्हिक्टिम पर्सनल स्टेटमेंट’ नावाचा वेगळा कागद असतो. घटनेचा तुमच्यावर काय परिणाम झाला ते त्यात येतं: झोप उडाली, रात्रपाळी सोडली, मुलीला एकटीने शाळेत पाठवणं बंद केलं. तो ऐच्छिक आहे. माझं मत विचाराल तर जरूर द्या.

तपासून घ्या: जबाबात आरोपीचे शब्द अवतरणचिन्हांत आहेत का? हल्ला शब्दांच्या आधी की नंतर, आणि किती वेळाने, ते लिहिलं आहे का?

## टप्पा ५: शेजाऱ्याचा त्रास असेल तर

याला वेगळा टप्पा देतोय, कारण इथे कायद्यात एक फट आहे. शिवीगाळ, धमकावणी यांसाठी नेहमी वापरली जाणारी ‘पब्लिक ऑर्डर ॲक्ट १९८६’ची कलमं, शिवी देणारा आणि ऐकणारा दोघेही आपापल्या किंवा एकाच घराच्या आत असतील तर लागू होत नाहीत. म्हणजे भिंतीपलीकडून ओरडून दिलेली शिवी त्यांत बसत नाही. बागेत, जिन्यात, रस्त्यावर दिलेली बसू शकते.

मग मार्ग उरतो ‘प्रोटेक्शन फ्रॉम हॅरॅसमेंट ॲक्ट १९९७’चा. त्यासाठी किमान दोन प्रसंग लागतात. म्हणून वही ठेवा. तारीख, वेळ, तुम्ही कुठे होतात, तो कुठे होता, नेमके शब्द, घरात आणखी कोण होतं. प्रत्येक वेळी पोलिसांना कळवा आणि जुना रेफरन्स नंबर सांगा, नाहीतर चार प्रसंगांच्या चार सुट्या नोंदी चार टेबलांवर पडून राहतात. सोबत कौन्सिलच्या ‘अँटी-सोशल बिहेवियर’ विभागाला आणि घर हाउसिंग असोसिएशनचं (भाड्याने घरं देणाऱ्या संस्थेचं) असेल तर त्यांनाही लेखी कळवा.

## टप्पा ६: पोलिसांकडून सीपीएसकडे आणि कोर्टात

तपास झाल्यावर हेट क्राइममध्ये आरोप ठेवायचे की नाही हे पोलीस नव्हे, क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस म्हणजे सीपीएस, ही सरकारी वकिलांची संस्था, ठरवते. शिक्षा होण्याची वास्तव शक्यता आहे का आणि खटला चालवणं लोकहिताचं आहे का, हे दोन प्रश्न ती तपासते.

वंशद्वेष सिद्ध झाला तर शिक्षेची कमाल मर्यादा वाढते. साधी मारहाण ६ महिन्यांवरून २ वर्षं, इजा करणारी मारहाण ५ वरून ७ वर्षं, मालमत्तेची नासधूस १० वरून १४ वर्षं. १९९८ च्या कायद्यातल्या अशा यादीत नसलेल्या गुन्ह्यांत, उदाहरणार्थ चोरीत, ‘सेंटेन्सिंग ॲक्ट २०२०’च्या कलम ६६ नुसार न्यायाधीशाला वंशद्वेष धरून शिक्षा वाढवावी लागते आणि तसं उघड कोर्टात सांगावं लागतं.

मॅजिस्ट्रेट कोर्टात सहसा दोन आरोप समांतर ठेवतात, एक साधा आणि एक वंशद्वेषी. कागदावर दोन्ही दिसले तर गोंधळू नका. आरोपीचा वकील ‘साधा गुन्हा कबूल, वंशद्वेषाचा भाग काढा’ असा प्रस्ताव आणतो. निव्वळ सोय म्हणून तो स्वीकारायचा नाही, हे सीपीएसचं जाहीर धोरण आहे. आपल्या प्रकरणात असं काही चाललं आहे का, ते अधिकाऱ्याला विचारत राहा. माफीवर किंवा समजुतीने मिटवायचं का असं पोलिसांनी विचारलं तर तुम्ही नाही म्हणू शकता, आणि ते नाही लेखी द्या.

हेट क्राइमच्या पीडितांना व्हिक्टिम्स कोडखाली वाढीव हक्क मिळतात. अटक, जामीन यांसारखी माहिती ५ ऐवजी १ कामकाजाच्या दिवसात मिळायला हवी. कोर्टात आरोपीची नजर टाळण्यासाठी पडदा किंवा दुसऱ्या खोलीतून व्हिडिओने साक्ष मागता येते. ही मागणी जबाबाच्या वेळीच करा, सुनावणीच्या सकाळी नको.

## टप्पा ७: प्रकरण बंद केलं तर

कारण लेखी मागा. सीपीएसने आरोप न ठेवण्याचं ठरवलं असेल तर ‘व्हिक्टिम्स राइट टू रिव्ह्यू’खाली फेरविचार मागता येतो. शक्यतो १० कामकाजाच्या दिवसांत अर्ज करा, कमाल मुदत ३ महिने. संशयित सापडूनही पोलिसांनीच प्रकरण थांबवलं असेल तर त्या पोलीस दलाची स्वतःची अशीच योजना असते. अधिकाऱ्याचं वागणंच चुकीचं असेल, नोंद घ्यायला नकार दिला असेल, तर तक्रार आधी त्या दलाकडे जाते.

दुखापत झाली असेल तर ‘क्रिमिनल इंज्युरीज कॉम्पेन्सेशन अथॉरिटी’कडे भरपाईचा अर्ज घटनेपासून २ वर्षांच्या आत करता येतो. निवासाच्या अटी आहेत, त्या आधी पाहा. आरोपीला शिक्षा झालेली असावी अशी अट नाही, तो सापडलाच नाही तरी अर्ज चालतो. पोलिसांना शक्य तितक्या लवकर कळवलेलं असावं ही मात्र अट आहे, आणि अर्जात क्राइम रेफरन्स नंबर भरावा लागतो.